मागचे इंजिन आणि समोरचा कॅमेरा

एखादे यंत्र चालवायचे तर त्याच्यासोबत दुसरे यंत्र जोडलेच पाहिजे, अशी अट जेव्हा घातली जाते, तेव्हा ती कोणाच्या गरजेतून आली हा प्रश्न बहुधा मागाहून विचारला जातो. अशा अटीला मराठीत रूढ शब्द नाही. सोयीसाठी तिला 'जोडसक्ती' म्हणता येईल, म्हणजे मूळ वस्तू आणि तिची जोड यांची फारकत होऊ न देणारा नियम. अलीकडच्या काळात जोडसक्तीवरून जगभर गाजलेला वाद म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एक्सबॉक्स वन या गेमिंग कन्सोलचा, म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळायच्या यंत्राचा होय. त्याला कायनेक्ट नावाचा, माणसाची हालचाल ओळखणारा कॅमेरा जोडला नाही तर ते चालणार नाही, असे २०१३ साली जाहीर झाले आणि वर्षभरात ती अट पायरीपायरीने मागे घेतली गेली. हा वाद खेळांच्या व्यापारातले एक प्रकरण म्हणून सांगितला जातो आणि तिथेच मिटवला जातो. परंतु जोडसक्तीचे याहून कितीतरी जुने, दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेले उदाहरण रायगड जिल्ह्यात बोरघाटाच्या पायथ्याशी, कर्जतच्या रेल्वे यार्डात उभे आहे, आणि ते शेजारी ठेवून पाहिले तर कायनेक्टचा गुंता बराच सुटतो.

खालापूर तालुक्यातील चौक हे गाव या घाटाच्या उंबरठ्यावर आहे. पनवेलहून खोपोलीमार्गे बोरघाट चढून पुण्याला जाणारा जुना रस्ता या गावावरून जातो आणि इथेच त्याला कर्जतकडे जाणारा फाटा फुटतो; जवळच इरशाळगडाचा सुळका आणि त्यापलीकडे माथेरानचे पठार आहे. ठाण्याचा तत्कालीन कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याने १८५० च्या मे महिन्यात चौकला मुक्काम केला होता आणि इथूनच तो डोंगर चढून माथेरानला पोहोचला, म्हणून गिरिस्थान या नात्याने माथेरानचा लेखी इतिहास या गावापासून सुरू होतो. माथेरानच्या एका टोकाला आजही चौक पॉइंट म्हणतात. (डोंगरावर ठाकर आणि धनगर आधीपासून नांदत होते, त्यांना माथेरान सापडायचे राहिले नव्हते.) एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तोफा वर नेण्यासाठी इंग्रज फौजेने बोरघाटाची वाट काहीशी रुंद केली, आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला घाटरस्ता खुला केला. तोवर लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाणारा माल आता गाड्यांतून जाऊ लागला. पनवेल ते चौक आणि चौक ते खोपोली या टप्प्यात बैलांची एक जोडी पुरत असे. पुढे डोंगर भिंतीसारखा उभा राहिला की गाडीला जादा जोडी जुंपावी लागे. सह्याद्रीच्या घाटवाटांवर ही रीत सर्वत्र होती, आणि तिच्यासाठी कुठला कायदा करावा लागला नाही, कारण एका जोडीच्या भरवशावर घाटाला लागलेल्या गाडीवानाचे बैलच अर्ध्या चढात त्याला तो कायदा समजावून देत.

रेल्वे आली तेव्हा तिने चौकचा रस्ता धरला नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट कल्याणहून नेरळ-कर्जतच्या बाजूने आली. १२ मे १८५६ रोजी ती खोपोलीपर्यंत पोहोचली आणि १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे हा वरचा टप्पा सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला होता, आणि तो भरून निघेपर्यंत उतारूंना खोपोलीला आगगाडीतून उतरून पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून खंडाळ्यापर्यंत जावे लागे. म्हणजे जगातले सर्वांत नवे वाहन काही वर्षे जगातल्या सर्वांत जुन्या वाहनाला जोडून चालले होते. घाटातल्या मार्गाचे काम २४ जानेवारी १८५६ रोजी सुरू झाले. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेला हा मार्ग सुमारे २५ किलोमीटरांत १,८३१ फूट चढतो. त्यात मुळात २५ बोगदे होते. पहिला कंत्राटदार विल्यम फेविएल याने काम सोडल्यावर सॉलोमन ट्रेडवेल आला, तो आल्यापासून काही दिवसांतच मरण पावला, आणि पुढचे कंत्राट त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने आपल्या नावावर घेऊन दोन अनुभवी व्यवस्थापकांकरवी तडीस नेले. १८६१ साली या घाटात एका वेळी ४२,००० माणसे कामावर होती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले आणि मुंबई-पुणे हा प्रवास सलग झाला.

सलग झाला खरा, पण एका अटीवर. घाटातली सर्वांत तीव्र चढण ३७ फुटांना एक फूट अशी आहे. रस्त्याने जाणाऱ्याला ती फारशी वाटणार नाही, परंतु लोखंडी रुळावर लोखंडी चाक चालते तेव्हा दोहोंतली पकड फार थोडी असते. सपाटीवर हाच गुण उपयोगी पडतो, कारण घर्षण कमी म्हणून थोड्या बळात मोठे ओझे वाहता येते, आणि चढावर तोच गुण दोष होऊन चाके जागच्या जागी फिरू लागतात. दुसरी अडचण डबे जोडणाऱ्या कपलिंगची. चढावर गाडीचे सगळे वजन पुढच्या इंजिनाच्या मागे लोंबकळत असते, म्हणजे पहिल्या कपलिंगवर साऱ्या गाडीचा ताण येतो. ते तुटले तर मागचे डबे उतारावरून मागे धावत सुटतील. या दोन्ही अडचणींवर एकच उपाय, तो म्हणजे गाडीच्या मागे आणखी इंजिने लावून तिला खालून ढकलायचे. अशा इंजिनाला बँकर म्हणतात. या शब्दाचा पैशाच्या बँकेशी काही संबंध नाही, इंग्रजीत चढणीलाही 'बँक' म्हणतात त्यावरून तो आला. मात्र उसने बळ देणारा तो बँकर, असा अर्थ कर्जतच्या फलाटावर कोणी लावला तर त्याला चूक म्हणणे कठीण आहे.

बँकर लावण्याची क्रिया पाहण्यासारखी असते. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते आणि यार्डातून दोन किंवा तीन इंजिने एकमेकांना जोडलेल्या अवस्थेत मागून सावकाश येतात. शेवटच्या डब्याला ती टेकतात तेव्हा साऱ्या गाडीतून एक हलका धक्का पुढे सरकत जातो. नेहमीचा प्रवासी वर्तमानपत्रातून डोके न उचलता 'बँकर लागला' म्हणतो आणि नवखा दचकून खिडकीबाहेर पाहतो. मग हवेच्या ब्रेकची नळी जोडून दाब तपासला जातो, पुढच्या आणि मागच्या चालकांत इशारा होतो आणि गाडी निघते. आणखी एक गंमत रेल्वेच्या परिभाषेत आहे. मुंबईपासून दूर जाणारी दिशा ती 'डाऊन', या नियमाने घाट चढणारी गाडी कागदोपत्री खाली जात असते आणि उतरणारी वर. उतरणाऱ्या गाडीसाठी वेगळी सक्ती आहे. घाटात ठराविक ठिकाणी कॅच साइडिंग, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून चढावर नेऊन संपवलेला आंधळा फाटा बांधलेला असतो आणि सांधे एरवी त्या फाट्याकडेच लावलेले असतात. गाडी ताब्यात आहे हे तिने थांबून सिद्ध केल्यावरच सांधे मुख्य मार्गाकडे फिरतात, आणि ब्रेक न लागलेली गाडी त्या चढावर शिरून आपोआप दमते. यंत्रावर विश्वास ठेवायचा, पण पुरावा मागून ठेवायचा, असा हा हिशेब आहे.

सुरुवातीच्या काळात या जोडसक्तीला आणखी एक पीळ होता. खंडाळ्याच्या खाली डोंगराची सोंड इतकी अरुंद होती की तिच्यावरून रुळांना वळसा देणे त्या काळच्या अभियंत्यांना जमले नाही, म्हणून तिथे उलट-स्थानक बांधण्यात आले: गाडी एका दिशेने आत शिरे, थांबे, आणि इंजिन दुसऱ्या टोकाला लागून ती इंग्रजी व्ही अक्षराच्या दुसऱ्या बाहूने पुढे चढे. २६ जानेवारी १८६९ रोजी उतरती मेलगाडी या स्थानकात आवरता न आल्याने मार्गाचा शेवट ओलांडून गेली. हे स्थानक १९२९ साली नवे बोगदे खोदून आणि मार्ग फिरवून रद्द करण्यात आले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की उलट-स्थानक गेले तरी बँकर राहिला. पहिली अडचण आखणीची होती आणि पैसा ओतून ती दूर करता आली. दुसरी चढणीची होती, आणि चढण जिथल्या तिथे होती.

त्याच वर्षी कल्याण ते पुणे मार्ग विजेवर आला. १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालणारी ४१ मालवाहू इंजिने स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये बांधून आणली गेली. लांब नाकाडाची, मध्ये सांधा असलेली ही इंजिने युरोपात 'मगर' म्हणून ओळखली जात, आणि घाटातल्या माणसांनी त्यांना 'खेकडा' म्हटले. चाकांना जोडणारे दांडे फिरताना होणारा सळसळाट आणि उभ्या इंजिनाचे कण्हणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना मगरीपेक्षा खेकडाच जवळचा वाटला असणार. कोकणच्या पायथ्याशी मगर कोणी पाहिली होती म्हणा! पुढे खेकड्यांची जागा चित्तरंजनच्या कारखान्यातील इंजिनांनी घेतली, आणि मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर आल्यानंतर तीही गेली. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनसारख्या मानाच्या गाडीलाही कर्जतला थांबून बँकर घ्यावा लागला. बळाचा स्रोत बदलत गेला, परंतु नियम बदलला नाही.

या नियमाने कर्जत घडवले. एरवी मेलगाड्यांनी दुर्लक्ष केले असते अशा तालुक्याच्या गावाला बँकरमुळे प्रत्येक गाडीची काही मिनिटे हक्काने मिळाली, आणि त्या मिनिटांवर एक व्यापार उभा राहिला. कर्जतचा बटाटावडा, त्यातही दिवाडकरांचा वडा, हा महाराष्ट्राच्या खाद्यजीवनात जाऊन बसला तो केवळ चवीमुळे असे म्हणता येत नाही. तशी चव अन्य ठिकाणीही आहे. गाडीच्या मागे इंजिन लागायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात खिडकीतून पैसे आत-बाहेर होऊन, कागदात गुंडाळलेला गरम वडा, सोबत लसणाची कोरडी लाल चटणी आणि तळलेली मिरची प्रवाशाच्या हाती पडली पाहिजे, या मापाने तो व्यवहार बेतलेला आहे. ताट आणि चमचा लागेल असा कुठलाही पदार्थ इथे टिकला नसता. बँकरचे चालक, त्यांच्या विश्रांतीच्या खोल्या, इंजिनांची देखभाल, सांधेवाले, विक्रेते, अशी सगळी वस्ती एका तांत्रिक अटीच्या आधाराने वसली. जोडसक्तीचे हे दुसरे अंग तंत्राच्या पुस्तकांत येत नाही: सक्ती पुरेशी वर्षे टिकली की ती ज्यांना मूळ गरजेशी देणेघेणे नाही अशांचेही पोट होऊन बसते, आणि मग ती खात्रीने पुढेही राहील असे गृहीत धरून माणसे भांडवल गुंतवतात.

कायनेक्ट सक्तीचा करण्यामागे नेमका हाच हिशेब होता. हा कॅमेरा पहिल्यांदा ४ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत बाजारात आला तेव्हा तो आधीच्या एक्सबॉक्स ३६० या यंत्राची ऐच्छिक जोड होता. तो खोलीत अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यांची जाळी टाकी आणि ती जाळी कुठे कशी वाकते यावरून समोरच्या माणसाच्या हातापायांचे अंतर आणि हालचाल ओळखे. हातात काही न धरता नाचणे, चेंडू मारणे, उडी घेणे हाच खेळ. पहिल्या ६० दिवसांत त्याचे ८० लाख नग विकले गेले आणि २०१३ च्या आरंभापर्यंत हा आकडा २ कोटी ४० लाखांवर गेला. तरीही खेळ बनवणाऱ्यांपुढे अडचण होती. ऐच्छिक जोड सर्वांकडे नसते, म्हणून केवळ तिच्यासाठी मोठ्या खर्चाचा खेळ बांधणे धोक्याचे. असे खेळ कमी निघतात म्हणून आणखी माणसे ती जोड घेत नाहीत. हे चक्र तोडायचे तर कॅमेरा प्रत्येक खोक्यात घालावा, म्हणजे खेळ रचणाऱ्याला समोरच्या प्रत्येक घरात तो असणारच ही खात्री मिळेल. युक्तिवाद म्हणून तो पोकळ नव्हता. निन्टेन्डोने २००६ साली वी या यंत्रासोबत हालचाल ओळखणारा दांडा मूळ खोक्यातच दिला होता आणि त्याच्याभोवती खेळांची मोठी पेठ उभी राहिली होती.

२१ मे २०१३ रोजी एक्सबॉक्स वन जाहीर झाले तेव्हा नवा, अधिक नेमका कायनेक्ट त्याच्या खोक्यात होता आणि तो जोडलेला असल्याशिवाय यंत्र चालणार नव्हते. किंमत ठरली ४९९ डॉलर. सोनीने प्लेस्टेशन ४ ची किंमत ३९९ डॉलर ठेवली आणि आपला कॅमेरा वेगळा विकायचे ठरवले, त्यामुळे सक्तीचे मोल ग्राहकाला थेट १०० डॉलरच्या रूपात दिसले. त्यातच जूनच्या पहिल्या आठवड्यात एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या कागदांतून अमेरिकी गुप्तचर खात्याचा पाळतीचा पसारा बाहेर आला आणि त्यात मायक्रोसॉफ्टसह बड्या कंपन्यांची नावे आली. हाकेला ओ देण्यासाठी कान सतत उघडा ठेवणारे यंत्र बैठकीच्या खोलीत सक्तीने का बसवायचे, हा प्रश्न त्यानंतर तांत्रिक राहिला नाही. ऑगस्टमध्ये कंपनीने कॅमेरा न जोडताही यंत्र चालेल असे सांगितले, पण खोक्यातून तो काढला नाही. २२ नोव्हेंबर २०१३ रोजी यंत्र बाजारात आले, आणि १३ मे २०१४ रोजी जाहीर होऊन ९ जूनपासून कॅमेऱ्याविना ३९९ डॉलरचे खोके मिळू लागले.

याच सुमारास घडलेली एक लहान तांत्रिक गोष्ट साऱ्या वादावर मार्मिक भाष्य करणारी आहे. कायनेक्टने पाहिलेले उमगण्यासाठी कन्सोलने आपल्या चित्र रेखाटणाऱ्या प्रोसेसरची सुमारे १० टक्के ताकद राखून ठेवली होती, आणि सक्ती उठल्यावर ती खेळ बनवणाऱ्यांसाठी मोकळी करण्यात आली. बँकर पुढच्या इंजिनाच्या बळात भर घालतो. कायनेक्ट मूळ यंत्राच्याच बळावर पोसला जात होता. खालून ढकलणारे इंजिन आणि दोर बांधून मागे ओढत न्यायचा डबा यांत जो फरक आहे तोच इथे होता, आणि कायनेक्टला बँकर समजून विकले जात असताना तो डबा आहे हे ग्राहकांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही.

भारतात हे यंत्र २३ सप्टेंबर २०१४ रोजी आले, म्हणजे सक्ती उठून गेल्यावर: कॅमेऱ्याविना ३९,९९० रुपये आणि कॅमेऱ्यासह ४५,९९०. मराठी घरांना जोडवस्तूंची ओळख त्याआधीची होती. नव्वदच्या दशकात समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांचे 'टीव्ही गेम' घरोघर आले, त्यांतल्या बऱ्याच संचांसोबत पडद्यावरची बदके टिपायची प्लास्टिकची बंदूक मिळे. ती बंदूक पडद्यावरच्या प्रकाशाची उघडझाप टिपून नेम ओळखत असे, म्हणून जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीवरच चाले. सपाट टीव्ही आले आणि ती निकामी झाली. मात्र तिच्यावाचून बाकीचे खेळ कधी अडले नाहीत. बंदूक मोडली तर मोडली, पोरे रिमोटवर खेळत राहिली. कायनेक्टची गोष्ट निराळी होती, कारण त्याला जागा लागे. पहिल्या कायनेक्टसमोर खेळणाऱ्याने साधारण सहा फूट मागे उभे राहायचे असे; मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे टीव्हीसमोर दिवाण आणि दिवाणाला टेकून कपाट असते, तिथे हे अंतर काढायचे तर आधी घरातले माणूस उठवावे लागते. आणि हुकूम देऊन यंत्र चालू करायची जी सोय जाहिरातीत ठसवली गेली, तिला मराठी कधी कळली नाही. अमेरिकेतल्या दिवाणखान्याचे माप हीच जणू या यंत्राची चढण होती, आणि ती चढण इथे नव्हतीच.

व्यापारी जोडसक्ती कायद्याच्या नजरेला पूर्वीपासून खुपत आली आहे. अमेरिकेत १९१४ च्या क्लेटन कायद्याने तिच्यावर बंधन घातले आणि त्या आधारावर १९३६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आयबीएमविरुद्ध निकाल दिला. ही कंपनी आपली गणनयंत्रे भाड्याने देताना छिद्रांची कार्डेही आपलीच वापरण्याची अट घालत असे, आणि दुसऱ्याची कार्डे वापरल्यास यंत्र बिघडेल असे तिचे म्हणणे होते. इतरांनाही योग्य दर्जाची कार्डे बनवता येतात हे पाहून न्यायालयाने ते अमान्य केले. थोडक्यात, विक्रेता आपली अट चढणीची म्हणून सांगतो आणि न्यायालय तिथे खरेच चढण आहे का ते जाऊन पाहते. भारतात असे करार आधी १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत येत आणि आता त्याची जागा घेणाऱ्या २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कक्षेत येतात. मात्र दुसऱ्या कायद्यात ते सरसकट निषिद्ध नाहीत, स्पर्धेला लक्षणीय बाध येत असेल तरच बाद ठरतात. एक्सबॉक्सच्या समोर तुल्यबळ प्रतिस्पर्धी उभा होता, म्हणून तिथला निवाडा न्यायालयाऐवजी दुकानाच्या गल्ल्यावर झाला. जिथे असा प्रतिस्पर्धी नसतो तिथे काय होते हे शेतकऱ्याला विचारावे. महाराष्ट्रात खरिपाच्या तोंडावर युरियाच्या गोणीसोबत नको असलेले विद्राव्य खत किंवा औषधाची बाटली गळ्यात मारली जाते, तिला शेतकरी आणि दुकानदार दोघेही 'लिंकिंग' म्हणतात. भाताची लावणी वेळेशी बांधलेली असल्याने घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि विकणाऱ्याचे म्हणणे असते की वरून आपल्यालाही तसेच गळ्यात पडते. गॅसची जोडणी दुर्मीळ असण्याच्या काळात शेगडी एजन्सीकडूनच घ्यायला लावण्याचा प्रकारही याच जातीचा.

तरीही कायनेक्टला लिंकिंगच्या रांगेत बसवून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. युरियासोबतच्या बाटलीने शेताचे भले होईल असे ती विकणाराही मनापासून मानत नाही. कायनेक्टच्या कर्त्यांचा मात्र आपल्या यंत्रावर विश्वास होता, आणि सर्वांकडे कॅमेरा असता तर काय घडले असते हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. त्यांची चूक क्रमाची होती. कर्जतला आधी चढण होती, मग बँकर आला आणि त्यानंतर वडा. कायनेक्टच्या बाबतीत वड्याच्या, म्हणजे पुढे उभ्या राहणाऱ्या खेळांच्या पेठेच्या भरवशावर बँकर लावला गेला, आणि त्याच्याखालची चढण कोणालाच दाखवता आली नाही. सक्ती उठल्याचा फटका मात्र खऱ्या माणसांना बसला. ज्या खेळशाळांनी खात्रीच्या कॅमेऱ्यावर विसंबून नाचाचे आणि संगीताचे खेळ बांधायला घेतले होते, त्यांचा ग्राहक खेळ बाजारात येण्याआधीच आक्रसला. ऑक्टोबर २०१४ पासून कॅमेरा १५० डॉलरला सुटा मिळू लागला, २०१६ च्या सुधारित यंत्राला त्याची खाच उरली नाही, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पहिल्या कायनेक्टचे तंत्र ज्या प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचे होते ती २०१३ च्या अखेरीस ॲपलने विकत घेतली. चार वर्षांनी ठिपक्यांची तशीच जाळी चेहरा ओळखण्यासाठी आयफोनच्या माथ्यावर आली. तिथे ती कोणी जोड म्हणून पाहिली नाही, कारण ती मूळ यंत्रातच मुरलेली होती.

बँकरही आता याच वाटेवर आहे. २०१९ साली मुंबई-दिल्ली राजधानी एक्स्प्रेसला दोन्ही टोकांना इंजिने देऊन, पुढच्या चालकाच्या हातून दोन्ही चालवून थळघाटात कसाऱ्याला बँकर लावण्याचा खोळंबा वाचवण्यात आला आणि पुढे बोरघाटातही पुण्याच्या गाड्यांवर ही पद्धत आजमावली गेली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरविना घाट चढते. तिला वेगळे इंजिन नाहीच. मोटारी निम्म्या डब्यांखाली विखुरलेल्या असल्याने वजन पेलणारी चाकेच गाडी ओढतात आणि कुठल्याही एका कपलिंगवर सगळा भार लटकत नाही. चढण १८६३ मध्ये होती तेवढीच आहे, जोड तेवढी आत गेली. कर्जतच्या विक्रेत्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही, कारण वातानुकूलित गाडीची खिडकी उघडत नाही आणि दारे आपोआप मिटतात.

रेल्वेने डावललेल्या चौकला रेल्वे आधी पनवेल-कर्जत एकेरी मार्गाने मिळाली, आणि त्याच मार्गाच्या सोबतीने उपनगरी गाड्यांसाठी दुहेरी मार्गाचे काम हाती घेण्यात आले. पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत ही त्याची पाच स्थानके आणि वावर्ल्याचा अडीच किलोमीटरांहून लांब बोगदा हे त्यातले मोठे काम. या मार्गावरच्या लोकलला घाट चढायचा नाही, मार्ग कर्जतलाच संपतो. तिच्या शेजारच्या रुळांवर मालगाड्या मात्र अजून बँकरसाठी खोळंबतात. वर त्यांना सोडून आलेली इंजिने एकमेकांना जोडलेली, मागेपुढे एकही डबा नसलेली, घाट उतरून यार्डात परततात आणि पुढच्या गाडीची वाट पाहत उभी राहतात.